आधी इतर : हे कोणाला सांगताय?

१९९५ च्या फेब्रुवारीत माझी आई वारली. दफनविधीच्या वेळी पाळकसाहेब जे बोलले त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. "बाईंनी आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही." मंडळी डोळे पुसत होती. मीही पुसत होते. पण डोळे पुसता पुसताच मनात आलं, हे कौतुक आहे की कबुलीजबाब? साठ-सत्तर घरांच्या मंडळीत एक बाई तीस वर्षं राबते आणि तिलाही काही लागत असेल हे तीस वर्षांत कोणाच्या ध्यानात येत नाही, ही त्या बाईची थोरवी की मंडळीची नामुष्की?

तेव्हा बोलले नाही. दुःखाच्या घरात वाद कोण घालणार, आणि तोही पाळकाच्या मुलीने? आता मी स्वतः सदुसष्ट वर्षांची आहे. गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या शिबिरात मला बोलायला सांगितलं, आणि विषय दिला 'आधी इतर, मग मी'. मी बोलले. काही जणींना ते रुचलं नाही. एक बाई तोंडावर म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही आमच्या सुनांना आपमतलबी करायला निघालात." त्यांना तिथे पुरतं उत्तर देता आलं नाही, कारण जेवणाची घंटा झाली, आणि वाढायला आम्हीच होतो. ते उत्तर इथे देते. या अंकाच्या वाचकांत ख्रिस्ती नसलेल्या मैत्रिणीच जास्त, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही शेवटी थोडं ऐकवायचं आहे.

आमच्या घराची ओळख आधी करून द्यायला हवी. मी नगर जिल्ह्यातली. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून नगरच येतं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणं मांडलं, आणि पुढे त्या मिशनमधून ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग घरं पुष्कळ होती. माझे पणजोबा त्यांतलेच. गावकुसाबाहेरचा माणूस. समोरून कोणी आलं की रस्ता सोडायचा, पाणी दुसऱ्याने वाढलं तर प्यायचं, पंगती उठल्यावर उरलंसुरलं न्यायचं. त्यांना 'आधी इतर' शिकवायला कुठल्या मिशनरीची गरज नव्हती. जन्मल्यापासून त्यांनी दुसरं केलंच काय होतं? ते ख्रिस्ती झाले ते आणखी वाकायला नाही, बसायला. चटईवर, चारचौघांच्या बरोबरीने, हातात पाटी घेऊन. माझी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा 'बसले' या शब्दावर जोर द्यायची.

मग हे कसं झालं, की त्याच घरातल्या बाया तीन पिढ्या पुन्हा उभ्याच्या उभ्या?

आमच्या संडे स्कूलच्या भिंतीवर एक तक्ता होता. इंग्रजी 'जॉय' या शब्दाची तीन अक्षरं मोठ्या रंगीत ठशांत. जे म्हणजे जीझस, ओ म्हणजे अदर्स, वाय म्हणजे यू. आधी येशू, मग इतर, सर्वांत शेवटी तू. आनंदाचा मार्ग हाच. मुलगे-मुली एकत्र बसून हे घोकायचो. पण घंटा झाली की मुलगे विटीदांडू घेऊन पळायचे आणि मुली चटया झाडायच्या. तक्ता सर्वांसाठी होता, वाय मात्र आमच्याच वाट्याला आलेला.

आई पाळकीणबाई. पाळकाच्या बायकोला पगार नसतो, नेमणुकीचं पत्र नसतं, रजा नसते. पण नव्या गावी बदली झाली की मंडळी विचारते, "पाळकीणबाई कशा आहेत? कामाच्या आहेत ना?" आई संडे स्कूल घ्यायची, बायांच्या प्रार्थनासभा घ्यायची, बाळंतिणींकडे जायची, आजाऱ्याला घेऊन तालुक्याला जायची, परगावच्या पाहुण्यांना रांधून घालायची. वडील भला माणूस. खरोखर भला. दारी आलेल्याला कधी रिकामं पाठवलं नाही. फक्त तो येणारा काय घेऊन जातो हे त्यांना माहीत नसायचं, कारण डब्याचं झाकण उघडणारी आई होती. दानाचं नाव एकाचं व्हायचं आणि उपास दुसरीला घडायचा. वडिलांना दोष द्यायला हे लिहीत नाही. त्यांना ते दिसत नव्हतं, आणि न दिसण्याची सोय आईच करून देत होती.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना हे घर ओळखीचं वाटेल. रेव्हरंड टिळकांच्या औदार्याच्या कथा महाराष्ट्राने डोक्यावर घेतल्या. त्या औदार्याची झळ कोणाला बसली तेही लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंय, पण त्या इतकं हसवतात की झळ वाचकाच्या लक्षातच येत नाही. माझ्या आईने काही लिहिलं नाही. ती हसायचीही कमीच.

१९९३ च्या सुमाराला तिच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं. पाळी जाऊन आठ वर्षं झाली होती. पाळी गेल्यावर रक्त दिसणं म्हणजे ताबडतोब दाखवायची गोष्ट, हे मला माहीत होतं. मी स्टाफ नर्स. तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला. रोज दुसऱ्यांच्या आयांचे केस पेपर माझ्या हातून जायचे. पण आईला सांगायला सवड नव्हती आणि मला विचारायची बुद्धी झाली नाही. आधी नाताळ होता, शंभर माणसांचं प्रीतिभोजन. मग वडिलांच्या बदलीची बोलणी. मग उपासाचे चाळीस दिवस आणि ईस्टर. मे महिन्यात धाकट्या भावाचं लग्न. जून १९९४ मध्ये मी रजेवर गेले तेव्हा वासाने मला कळलं. रात्री सगळे निजल्यावर ती मोरीत कपडे धूत होती. म्हणाली, "लग्नघरात कुठं हे काढायचं? तुझ्या वडिलांना बदलीचा घोर. म्हटलं, होऊन जाऊ दे सगळ्यांचं."

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. तिसरी स्टेज. शेक देऊन झाले, पुढचं काही उरलं नाही.

'सगळ्यांचं होऊन जाऊ दे.' हे वाक्य ती आयुष्यभर पंगतीत म्हणत आली. आमच्या प्रीतिभोजनाच्या तीन पंगती व्हायच्या. पहिली पुरुषांची, दुसरी मुलाबाळांची, तिसरी बायांची. तिसऱ्या पंगतीपर्यंत भाताची खरवड आणि नुसता रस्सा. तुकडे संपलेले. त्यातही वाढणाऱ्या बायांचं ताट सर्वांत शेवटी, उभ्यानेच. मार्था आणि मरीयेच्या गोष्टीवर आमच्याकडे दर दोन वर्षांनी एक उपदेश ठरलेला. येशू घरी आला असता मार्था कामात गुंतून राहिली आणि मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली, आणि येशूने मरीयेची बाजू घेतली, ती गोष्ट. उपदेशात मार्थेला तिच्या धांदलीबद्दल चार शब्द सुनावले जातात. त्या वेळी निम्म्या बाया मागे स्वयंपाकघरात असतात. त्यांना ऐकूही येत नाही.

आता मुद्द्याकडे येते. मी ही शिकवण टाकून द्या म्हणत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. ही शिकवण ज्यांना दिली होती त्यांनी ती शिताफीने दुसऱ्यांच्या नावावर केली, आणि हे पवित्र शास्त्र उघडून कोणालाही दाखवता येतं.

लूकच्या शुभवर्तमानात येशू मेजवानीला गेला असता सांगतो की बोलावणं आलं तर मानाच्या जागेवर जाऊन बसू नका, खालची जागा घ्या. कोणाला सांगतो? मानाच्या जागा पटकावताना ज्यांना त्याने पाहिलं त्या पाहुण्यांना. वाढणाऱ्यांना तो हे सांगत नाही. वाढणाऱ्याला मुळात जागाच नसते, तो खालची जागा घेणार कुठली? याच बोलण्यात पुढे असंही आहे, की खाली बसलेल्याला यजमान येऊन मानाने वर बसवतो. मी सदुसष्ट वर्षांत अनेक मंडळ्या पाहिल्या. तिसऱ्या पंगतीतल्या बाईला वर बोलावणारा यजमान अजून पाहायचा आहे.

शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याने शिष्यांचे पाय धुतले. हे काम नोकराचं. धुतले ते गुरूने, ज्याला सर्व जण प्रभू म्हणत होते त्याने, आणि धुवून झाल्यावर त्या पुरुषांना सांगितलं की तुम्हीही एकमेकांचे असेच धुवा. आमच्याकडे उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री कुठे कुठे पाळक बारा जणांचे पाय धुतात. स्वच्छ पंचा, नवं घंगाळ, फोटो. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस घंगाळ कोण उचलतं ते विचारू नये.

फिलिप्पैकरांस पौलाने लिहिलेलं पत्र तर या विषयाचं हक्काचं वाचन. दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना, आणि आपलं तेवढंच न पाहता दुसऱ्याचंही पाहा, असा त्या दुसऱ्या अध्यायाचा आशय. त्यातला 'ही' कोणी वाचत नाही. दुसऱ्याचंही पाहा म्हणजे स्वतःचं पाहणं धरलेलंच आहे. पुढे ख्रिस्ताचं उदाहरण दिलंय की तो देवाच्या बरोबरीचा असून त्याने स्वतःला रिकामं केलं. रिकामं कोण होऊ शकतं? जो भरलेला आहे तो. आधीच उपडी पडलेली घागर आणखी काय ओतणार? आणि ज्या गावच्या मंडळीला हे पत्र लिहिलं, त्या गावी पौलाला पहिला आसरा मिळाला तो लुदियाच्या घरी. लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. स्वतःचा धंदा असलेली, आपल्या घरात कोणाला ठेवायचं हे स्वतः ठरवणारी बाई. ती भरलेली होती म्हणून देऊ शकली.

शेजाऱ्यावर प्रीती करण्याची जी आज्ञा आहे तिचं माप काय दिलंय? आपण स्वतःवर करतो तशी. माझ्या आईच्या मापाने कोणी शेजाऱ्यावर प्रीती केली असती तर त्या शेजाऱ्याचं काय झालं असतं? तिने शेजारणीला अंगावरून जात असताना वर्षभर भांडी घासत ठेवलं असतं का? पहिल्याच आठवड्यात हाताला धरून तालुक्याला नेलं असतं. तशा चार-पाच जणींना तिने नेलं होतं, हे मला तिच्या माघारी कळलं.

मंडळीत लग्न लागतं तेव्हा इफिसकरांस पत्रातला भाग वाचतात. बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं तो. वाचन नेमकं तिथूनच सुरू होतं. त्याच्या वरच्या ओळीत सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन राहावं असं लिहिलंय, ती ओळ वगळली जाते. ग्रीक जाणणारे सांगतात की सर्वांत जुन्या हस्तलिखितांत बायकांविषयीच्या ओळीला स्वतंत्र क्रियापदच नाही, ते वरच्या ओळीतून घ्यावं लागतं. म्हणजे वरची ओळ कापली तर खालची उभीच राहू शकत नाही. तरीही आपण ती उभी केली, आणि तिच्या टेकूवर घरं उभी केली.

त्या घरांत काय चालतं? माझ्या नात्यातली एक बहीण १९९१ मध्ये मार खाऊन माहेरी आली. हाताचं हाड मोडलं होतं. मंडळीतले दोन वडील आणि पाळक समजूत घालायला आले. "स्वतःचा विचार नको करूस, लेकरांचा कर." नवरा त्या वेळी ओसरीत चहा पीत होता. त्याला कोणी म्हटलं नाही की बाबा, तू लेकरांचा विचार कर. ती वकिलाकडे गेली तर वकिलाने कायदा सांगितला. आम्हा ख्रिस्त्यांना तेव्हा १८६९ चा घटस्फोट कायदा लागू. त्याप्रमाणे नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की सुटका. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा दोन वर्षं टाकून देणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. आणि नुसत्या मारहाणीवर घटस्फोट नाहीच. फार तर कोर्ट वेगळं राहायची परवानगी देई, बायको त्याचीच. त्याच कायद्यात बायकोच्या यारावर नवऱ्याने नुकसानभरपाई मागायचं कलम होतं. शेतात ढोर घुसलं की मागतात तशी. बायकोला असा दावा नाही.

या कायद्याविरुद्ध ख्रिस्ती स्त्रियांनी आणि त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं रेटा लावला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. आता क्रूरपणा हे एकटंच कारण पुरतं, भरपाईचं कलमही गेलं. एकशे बत्तीस वर्षं लागली. माझ्या बहिणीचं तोवर वय झालं होतं. तिने शिवणकामावर दोन मुलं वाढवली, पण कागदावर ती मरेपर्यंत त्याचीच बायको राहिली. या एकशे बत्तीस वर्षांत किती जणींना 'आधी इतर' म्हणून परत धाडलं असेल, हा हिशेब कुठल्याच मंडळीच्या दप्तरात मिळायचा नाही.

केरळातल्या मेरी रॉयबाईंना काय ऐकावं लागलं असेल? त्रावणकोरच्या १९१६ च्या वारसा कायद्यात ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी ते. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या. भावाच्या आड आलेली बहीण म्हणून कुजबुज झाली. भाऊ बहिणीच्या आड इतकी वर्षं उभा होता त्याला मात्र परंपरा म्हणायचं.

शिबिरातल्या त्या बाईंचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. त्यांना भीती वाटते की सुना स्वतःचं बघायला लागल्या तर आजाऱ्यापाशी कोण बसणार? मीही रात्रपाळ्या केल्या आहेत. पहाटे तीन वाजता कोणाचं तरी अंग पुसताना मला माझी शिकवण आठवायची, आणि तिने मला उभं ठेवलं. ते खोटं नव्हतं. पण माझ्या रात्रपाळीला ड्युटीचा तक्ता होता, पगार होता, सकाळी सातला बदली यायची. आईच्या ड्युटीला बदली नव्हती. आजाऱ्यापाशी कोण बसणार, याचं उत्तर सरळ आहे. पाळी लावा. त्यात मुलगा घाला, नवरा घाला, दीर घाला, पंचकमिटीचे सभासद घाला. सेवा इतकी पुण्याची असेल तर पुरुषांना त्या पुण्यापासून दूर ठेवून आपण त्यांच्यावर किती अन्याय करतो!

पंडिता रमाबाईंचं नाव आमच्या प्रत्येक शिबिरात घेतात. घ्यायलाच हवं. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुली-बाया त्यांनी केडगावच्या मुक्तीत आणल्या, त्यांच्या हातून शेती, माग, छापखाना चालवून घेतला. सेवा त्यांच्याइतकी कोणी केली? पण १८८३ मध्ये बाप्तिस्मा झाल्यावर इंग्लंडातल्या ज्या सिस्टर त्यांना चर्चच्या आज्ञेत राहायला शिकवत होत्या, त्यांना रमाबाईंनी पत्रांतून स्पष्ट कळवलं होतं. एका पुरोहितवर्गाचं जू नुकतंच उतरवलं आहे, दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, असा त्याचा आशय. हा भाग शिबिरात सांगत नाहीत. रमाबाईंनी आयुष्य दिलं, मन गहाण ठेवलं नाही. माझ्या आईकडून दोन्ही घेतलं.

आता ती गोष्ट, जी मी शिबिरात वाचली आणि जिच्यावरून इतकं झालं. मार्कच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात आहे. सभास्थानाचा एक अधिकारी, याईर, येशूच्या पाया पडतो. त्याची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकली आहे. येशू निघतो. तातडीचं काम, मोठ्या माणसाचं काम, लेकराच्या जिवाचं काम. रस्त्यात ही गर्दी. त्या गर्दीत एक बाई. बारा वर्षं अंगावरून जातंय. होता नव्हता पैसा वैद्यांनी खाल्ला, आणि दुखणं वाढलं. त्या काळच्या नेमाप्रमाणे ती अशुद्ध, तिने कोणाला शिवायचं नाही. 'सगळ्यांचं होऊन जाऊ दे' असं म्हणायला तिला माझ्या आईपेक्षा किती तरी सबळ कारणं होती. तिने म्हटलं नाही. ती गर्दीत घुसली. कोपर मारूनच घुसली असणार, गर्दीत दुसरं कसं घुसतात? मागून आली आणि न विचारता त्याच्या वस्त्राला शिवली.

उपदेशात नेहमी तिच्या विश्वासाबद्दल सांगतात. कबूल. पण मला तिची घाईही दिसते. ती रांग मोडून पुढे गेली. एका मोठ्या माणसाच्या मुलीचा जीव टांगणीला लागलेला असताना तिने स्वतःला पुढे केलं. आणि येशू काय करतो? रागावत नाही. आधी मुलीचं होऊ दे, मग तुझं बघू, असंही म्हणत नाही. तो थांबतो. याईर ताटकळत उभा असताना थांबतो, तिला पुढे बोलावतो, तिची सगळी हकीकत चारचौघांत ऐकून घेतो, आणि तिला मुलगी म्हणतो. मधल्या वेळात याईरकडे निरोप येतो की पोर गेली. तरी तो जातो आणि तिलाही उठवतो. दोघी वाचल्या. बाईने आपलं पाहिलं म्हणून मुलीचं काही कमी झालं नाही.

दहा कुमारींचा दाखलाही पाहा. पाच शहाण्यांनी आपलं तेल द्यायला साफ नकार दिला, आणि दाखल्यात त्या शहाण्याच राहिल्या. यावर बायांपुढे केलेला उपदेश मी अजून ऐकलेला नाही.

आणि आता चळवळीतल्या मैत्रिणींना. तुम्ही मला अनेकदा म्हणालात, हा सगळा धर्माचा दोष, सोडून दे. सोडणं सोपं नाही, आणि मला ते करायचंही नाही. पण एक विचारते. आपल्या बैठकांनंतर कप कोण विसळतं? दर गटात एक अशी असतेच, जी अर्ध्या मानधनावर पूर्णवेळ राबते, जिची फाटकी चप्पल आपल्याला दिसते पण आपण काही म्हणत नाही, आणि जी आजारी पडली की आपल्याला कळतं तिचा विमा नव्हता. तिचा सत्कार करताना आपण काय म्हणतो? 'तिने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही.' आपल्याकडे ना पाळक, ना तक्ता. वाक्य तेच.

म्हणून शिबिरात मी एवढंच मागितलं. 'आधी इतर' हा विषय यापुढे महिला मंडळात नको. तो पंचकमिटीत घ्या, पुरुषांच्या उपासनेत घ्या, सासवांच्या बैठकीत घ्या. ज्याच्या हाताखाली कोणी आहे त्याला सांगा. हाताखालच्याला सांगायचा अधिकार कोणालाच नाही, पाळकालाही नाही. दुसरी मागणी पंगतीची. नाताळच्या प्रीतिभोजनात पंगती मोडा, सगळे एकदम बसा, आणि पातेली पंचकमिटीने घासावी. तरुण पाळक हसले, पण विषय पुढच्या बैठकीच्या कागदावर घेतला आहे. पाहू.

१९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन एक मोठा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत, थोडं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरसारखंच, लावून तपासायच्या. २०१३ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा या कॅन्सरने होणारे मृत्यू तिथे ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. दोन-चार मिनिटांची तपासणी. पण त्यासाठी बाईला उठून यावं लागतं, आणि उठायच्या आधी स्वतःला म्हणावं लागतं की आज माझं.

शिबिर संपल्यावर मी चपला शोधत होते तेव्हा एक आजी जवळ आल्या. सत्तरीच्या. "सलाम, सिस्टर," म्हणाल्या. मग इकडेतिकडे पाहून हळूच, "मलाही जातंय. दोन महिने झाले. सुनेची परीक्षा चाललीय, म्हणून म्हटलं..." मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. सोमवारी ओपीडी नऊला उघडते. केस पेपरला रांग लागते, म्हणून मी त्यांना सव्वाआठलाच बोलावलं. त्या आठला येऊन बसल्या होत्या. सूनही बरोबर होती. तिनेच पेपर काढला होता.